सात नंबरचा पंच

तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्यानं गोणपाट सोडलं आणि आतला पंप मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्याच्यावर ठोकलेला सातचा आकडा सोपानरावांना दारातूनच दिसला. झालं! आता कसली नोकरी राहतेय!

आकुर्डीच्या त्या कारखान्यात गस्ती नौकांचे पंप बनायचे, नौकेत शिरलेलं पाणी बाहेर फेकणारे. दल नवंनवं होतं आणि मागणी घाईची असायची. प्रत्येक पंप तासभर पाण्यावर चालवून बघायचा, आणि पास झाला की तपासणाऱ्यानं आपल्या नंबरचा पोलादी पंच त्यावर ठोकायचा. सात नंबर सोपानरावांचा. पंधरा वर्षांत तो पंच त्यांनी कुणाच्या हाती दिला नव्हता.

फक्त एकदा दिला. चैत्रात कुरुळीला गावची जत्रा होती, शर्यतीच्या घाटात सोपानरावांचा बैलगाडा पळणार होता, आणि इकडे बारा पंप सोमवारी मुंबईच्या तळावर पोचवायचे होते. त्यांनी पंच हाताखालच्या भीमराजच्या हातावर ठेवला. "चालवून बघत बसू नको. समदे ठोक अन् ट्रकात भर," असं सांगून त्यांनी एसटी गाठली. गाडा पहिला आला. त्या गुलालात सोपानराव सगळं विसरून गेले.

भीमराज टेंपरवारी होता. आता पुढच्या महिन्यात तो पर्मनंट व्हायचा होता.

"सोपानराव, चैत्रात घाईनं पाठवलेल्या त्या बारा पंपांतला हा. पंच तुमचा ना?" मॅनेजरनं विचारलं.

आता समोरच्याचं म्हणणं तरी माणसानं ऐकून घ्यावं की नाही? पण सोपानराव कसले थांबताहेत!

"व्हय साहेब, पंच माजाच हाय. पन त्या दिशी मी न्हवतो. भीमराजनं कपाटातनं न इचारता घेतला. त्यानंच ठोकलाय ह्यो."

बोलून झालं आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. पण शब्द तोंडातून गेला होता. भीमराजला बोलावणं धाडलं. तो चिंधीला हात पुसत आला.

"हा पंप तू पास केलास?" मॅनेजरनं विचारलं.

"हो साहेब."

अधिकारी खुर्चीतून उठला. त्यानं भीमराजचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला.

"वादळात मच्छीमारांना काढायला गेलो होतो. नौकेच्या बुडाला भोक पडलं. किनारा गाठेपर्यंत चौदा तास हा एकच पंप चालला. सोळा जण होतो आम्ही. पंप दुरुस्तीला आणलाय, पण खरं तर मला पास करणाऱ्याला बघायचं होतं."

सोपानरावांना मान वर करवेना. असली लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

मॅनेजर खूश झाला, पण मॅनेजरच तो. "ते सगळं ठीक आहे. पण कपाटातून पंच चोरलास, त्याचं काय? असल्या माणसाला मी पर्मनंट कसा करू?"

भीमराजनं सोपानरावांकडे पाहिलं. काय झालं असेल ते त्याला तेवढ्यात कळलं.

"चोरला नाही साहेब. सोपानरावांनीच दिला होता. प्रत्येक पंप तासभर चालवून बघ, मगच ठोक, असं बजावून गेले होते. आता घाबरून काहीतरी बोलले असतील."

मॅनेजर हसला. अधिकारीही हसला. "म्हणजे निम्मं श्रेय तुमचं की!" म्हणत त्यानं सोपानरावांपुढे हात केला.

एवढा एक हात हातात घेतला की झालं. नोकरी राहिली असती आणि वर शाबासकीही मिळाली असती. सोपानरावांचे दोन्ही हात तसेच खाली राहिले.

"साहेब, ह्यो खोटं बोलतोय."

"अहो, अजून काय त्याच्या मागे लागलाय?" मॅनेजर खेकसला.

"न बघता ठोक, असं मी सांगितलं हुतं," सोपानराव अधिकाऱ्याला म्हणाले. "त्यानं माजं ऐकलं न्हाई, म्हनून तुमी आज हितं उभं हाय."