व्हर्जन चार
प्रियदर्शिनीच्या कानामागचं यंत्र शाळेतच बंद पडलं, तशी त्रिवेणी लेकीला घेऊन कोठी भागातल्या क्लिनिकात आली. जन्मापासून बहिऱ्या पोरीला त्यामुळेच ऐकू येत होतं. टेक्निशियन मंदारने ते कॉम्प्युटरला जोडून पाहिलं. "हे व्हर्जन चार. कंपनीने याचा सपोर्ट बंद केलाय, त्रिवेणीताई. दुरुस्ती होणार नाही." "मग नवीन द्या, भैया." "व्हर्जन पाच तिच्या डोक्यात बसवलेल्या जुन्या भागाशी जुळत नाही." "तो भागही बदला." "आत हाड वाढलंय. डॉक्टर पुन्हा ऑपरेशनला नाही म्हणतात." पोर आईचा हात ओढत होती. "अम्मा, काय म्हणाले?" ओठ न बघता ऐकायची सवय लागावी म्हणून इतकी वर्षं त्रिवेणी तोंडावर हात धरून बोलायची. आता तिने लेकीची हनुवटी आपल्याकडे वळवली. "माझ्या ओठांकडे बघ," ती सावकाश म्हणाली.