नात्याचा रकाना

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेक लॅपटॉपसकट आईकडे राहायला आली, आणि आल्या दिवसापासून एका प्रोग्रामशी एका नावावरून तिचं हातघाईचं भांडण चाललं होतं.

"अगं, एक नाव लिहायला इतका वेळ?" आईने विचारलं.

"नावच तर नाही ना! मी चार ओळी लिहिते, त्यावरून कंपायलर नावाचा प्रोग्राम पुढचा सगळा कोड स्वतःच तयार करतो. त्यात माहितीचे जे नवीन प्रकार बनतात, त्यांची नावं त्याची त्यालाच ठाऊक. आपल्याला लिहिताच येत नाहीत."

"मग गं?"

"मग नावाचा नाद सोडायचा. तो प्रकार काय काय करू शकतो, तेवढं सांगायचं. काम होतं."

"शहाणा आहे की तुझा कंपायलर," आई म्हणाली.

दुपारी लेकीने दवाखान्याचा फॉर्म उघडला. सोबत थांबणार होते घड्याळवाले काका. बाबा गेल्यापासून रोज सकाळी आईच्या चहाला येणारे आणि दिवेलागणीला आपल्या घरी परतणारे.

"नातं काय लिहू? रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढेच जात नाही."

आई पदराशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "नावाचा नाद सोड. काय काय करतात तेवढं लिही. चहा करतात. डोळ्यात थेंब नीट घालतील. भांडण झालं की आधी तेच बोलायला येतात."

लेक हसत हसत टाइप करू लागली.

"आणि घोरतात फार."