लिटरला तीस मिली

कंपाउंडरांनी मापाचा ग्लास डोळ्यांसमोर धरला आणि तेल दीडशेच्या रेघेवर थांबवलं. आता पुढे ओतायचं नाही, असं त्यांनी हाताला बजावलं. हात ऐकेना. दीड वर्षाची सवय होती त्याला. तीनशेपर्यंत गेल्याशिवाय तो डबा खाली ठेवायला तयार नव्हता.

हिशेब साधा होता. लेकीच्या शर्यतीच्या टू-स्ट्रोक मोटरसायकलला तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. लिटरला तीस मिली, पाच लिटरला दीडशे. घरात वाटणी पक्की होती: मिश्रण बापाचं, इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा कार्बोरेटर लेकीचा. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही. दवाखान्यात तेवीस वर्षं औषधं मोजून देणाऱ्या माणसाला मिश्रण शिकवणार तरी कोण? तेलाची निवडही त्यांचीच. चार कंपन्यांची तेलं आणून त्यांनी चार पांढऱ्या बश्यांत थोडी थोडी जाळली होती आणि ज्याची काजळी सगळ्यात कमी, ते पसंत केलं होतं. बश्या चहाच्या चांगल्या सेटमधल्या होत्या. त्यावरून घरात पुढे आठवडाभर निराळंच काहीतरी जळत राहिलं.

मग पोरगी पडली. मातीच्या उंचवट्यावरून गाडी आणि ती एकत्र हवेत गेल्या, खाली मात्र वेगवेगळ्या आल्या. खांद्याचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. "गाडी विकून टाका," आई म्हणाली. पोरगी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. फक्त जेवणाच्या ताटावरून उठून जायला लागली. शेवटी कंपाउंडरांनी आपल्या परीने मार्ग काढला. तिला पुन्हा गाडीवर बसायची परवानगी दिली, आणि त्याच दिवशी कुणाला न सांगता तेल दुप्पट केलं. जास्त तेल, जास्त धूर, गाडी आपली जडशीळ चालेल. निदान उडणार तरी नाही.

धूर तर असा व्हायचा, की शर्यतीच्या मैदानावर शेजारच्या तंबूतला पैलवान नाकाला रुमाल लावून ओरडायचा, "कंपाउंडर, शर्यतीला आलात की डासांची फवारणी करायला?" कंपाउंडर हसायचे. त्या धुराकडे बघून त्यांचा जीव थाऱ्यावर असायचा.

नवल एवढंच, की त्या जड गाडीवरही पोरगी पुढे पुढे सरकत होती. अकरावी आली. मग आठवी. गेल्या खेपेला चौथी. आज शेवटची शर्यत. पहिल्या तिघांना क्लबच्या संघात घेणार होते. सकाळी बुटांचे पट्टे आवळता आवळता ती मान खाली घालूनच म्हणाली, "आज नाही जमलं तर सोडते मी, बाबा. कंटाळा आला दुसऱ्यांची चिखलाची पाठ बघायचा."

खरं तर हे ऐकून त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट ते मनात हिशेब करायला लागले. दुप्पट तेलावर पोरगी चौथी येते, तर नेमक्या तेलावर कुठे पोचली असती? दीड वर्ष आपणच तिच्या पायात पाय घालतोय आणि वर तिचीच पाठ थोपटतोय.

त्यांनी दीडशे मिली कॅनमध्ये ओतलं. झाकण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. मग कॅन जोरजोरात हलवला आणि मन बदलायच्या आत टाकी भरून टाकली.

सुरुवातीच्या रेषेवर पोरीने गाडी दोनदा रेस केली आणि वळून तंबूकडे बघितलं. कंपाउंडरांनी घाईघाईने चष्मा पुसायला घेतला.

"आज धूर कमी दिसतोय," पैलवान म्हणाला.

"आज नेमकं मोजलंय." त्यांचाच आवाज त्यांना परका वाटला.

झेंडा पडला. कंपाउंडर दोरीच्या कडेने इकडून तिकडे, तिकडून इकडे. पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्या वळणातून वर येताना गाडी खोकली. तिसऱ्याला पुन्हा. सरळ रस्त्यावर इतर गाड्या कानठळ्या बसवत सुटत होत्या आणि हिची मात्र घशात घास अडकल्यासारखी गुरगुरत होती. एक पुढे गेला, दोन गेले, मग मोजायचं त्यांनी सोडून दिलं.

ती नववी आली.

तंबूत आल्या आल्या तिने हातमोजे आपटले. गाडीचा स्पार्क प्लग काढला आणि उजेडात धरला. काळाकुट्ट, ओला.

"बाबा, आज तेल किती घातलंत?"

"दीडशे. थेंबभर जास्त नाही."

"तीनशे नाही?"

कंपाउंडर खोकं ओढून तिच्यासमोर बसले. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच महिन्यात कळलं. तेलाचा डबा निम्म्या दिवसांत संपायला लागला. तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं. मग मी कार्बोरेटरचं जेट बदललं. मोठ्या भोकाचं घातलं, पेट्रोल जास्त यावं म्हणून. धूर सोडला तर वाऱ्यासारखी पळायची गाडी. आज तेल निम्मं आणि जेट तेच. पेट्रोल जास्त होऊन गुदमरली बिचारी."

"अगं, मग बोलली का नाहीस? दीड वर्ष?"

पोरीने हाताच्या पंजाने नाक पुसलं. गालावर काजळीची रेघ उमटली.

"काय बोलणार? तेल दुप्पट आहे म्हणून तर तुम्ही मला गाडीवर बसू देत होतात."