साडेतीन तासांत बारा वर्षं

"अहो शेवाळे, किती वेळा सांगू?" पुनर्वसन खात्याच्या बोडकेबाई वैतागल्या. "घरी परतायचं शिकवणारा वर्ग वर्षभर आत राहिलेल्यांसाठी असतो. तुम्ही आज अकराला शिक्षेच्या खुर्चीत बसलात आणि अडीचला सुटलात."

"खुर्चीत साडेतीन तास, बाई. डोक्यात पुरती बारा वर्षं कोठडीत काढली."

"नोंद भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे होते."

"सकाळी बायकोनं दिलेला डबा अजून कोमट आहे," हणमंत शेवाळे काकुळतीला आला, "आणि मला तिचा चेहरा आठवत नाही. ती संध्याकाळी दारात उभी असेल. पंधरा दिवस तरी शिकवा."

बाईंनी अर्जावर 'अपात्र' असा शिक्का मारला आणि पुढची फाईल ओढली. दहा मिनिटांनी मान वर केली, तर हा हात मागे बांधून बंद दारासमोर उभा.

"आता काय राहिलं?"

"दार बंद आहे, बाई."

"मग उघडा की! साधी कडी आहे."

त्याने कडीकडे पाहिलं, पण हात काही पुढे केला नाही. शेवटी बाईच चरफडत उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. हणमंत बाहेर पडला, दोन पावलांवर थांबला, आणि बाईंनी मागून कुलूप लावायची वाट पाहू लागला.