माशीवरची रेघ

क्लॅरीची तिसरी गोळीही निशाण्याच्या वीतभर डावीकडे गेली. लढाईच्या काळातली ही जुनी रायफल चाळीस वर्षं त्याच्या खांद्याला होती. बिघाड एक तर तिच्यात होता, नाहीतर त्याच्या डोळ्यांत. आणि डोळेच गेले, तर शहीद सैनिकांच्या स्मरणार्थ होणारी अँझॅक दिनाची मॅचच काय, नेमबाजीचा क्लबही सुटला.

“तू मारून बघ,” तो बायकोला म्हणाला. नोरीनचा नेम अख्ख्या क्लबात नावाजलेला.

ती चटईवर पालथी झाली. तिच्याही तिन्ही गोळ्या डावीकडेच गेल्या, वीतभर.

“माझी ही म्हातारी सवतच बिघडलीय,” नोरीन म्हणाली. “तू नाहीस.”

क्लॅरीचा जीव भांड्यात पडला. गोळी डावीकडे जाते, म्हणजे नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो बारीक खुंट, हीही केसभर डावीकडे ठोकायची. त्याने पितळी हातोडी काढली आणि ठोकण्याआधी सवयीने माशीवरच्या रेघेवरून नख फिरवलं. नेम जुळला त्या दिवशी माशी आणि तिची बैठक, दोन्हींवरून ओढलेली ती एकच रेघ. माशी सरकली की रेघ तुटते.

नख कुठेच अडखळलं नाही.

त्याने हातोडी हळूच खाली ठेवली. “नोरीन, तू मुद्दाम डावीकडे धरून मारलीस ना?”

नोरीनने थर्मासातला चहा ओतून कप त्याच्या हातात दिला.

“डोळ्यांच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेऊन ठेवलीय,” ती म्हणाली. “गाडी मी चालवीन.”