मान खाली

भोकरच्या ज्युनिअर कॉलेजात अक्षराचं भाषण झालं. आठवड्यातलं चौथं. "मुलींनो, गप्प बसू नका," हे वाक्य आता तिच्या तोंडून आपोआप निघायचं आणि टाळ्याही ठरल्या जागी पडायच्या. टीव्हीवर सोशिक सून साकारणारी अक्षरा उदगीरची, म्हणजे आपल्याकडचीच, वयानं जेमतेम वीस. सेल्फीसाठी पोरींची झुंबड उडाली. अंग आंबून गेलं होतं, तरी ती हसत राहिली.

शेवटी एकच मुलगी उरली. तिच्याकडे मोबाईल नव्हता.

"ताई, एक काम करता का? बारावी व्हायच्या आतच घरचे माझी सोयरीक बघून राहिले. मी न्हाई म्हनलं की माय तुमची सिरीयल लावती. म्हनती, बघ, सासू एवढी बोलती, तरी ही पोरगी तोंड उघडती का? ताई, एकदा तरी तिथं उलटून बोला की."

"बघते हं," म्हणत अक्षरानं मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती गाडीत बसली.

मोबाईलवर उद्याचा सीन येऊन पडला होता. सासू घालूनपाडून बोलते. सून मान खाली घालून उभी. सुनेला संवाद नाही. खाली दिग्दर्शकानं विचारलं होतं, "चालेल ना?"

अक्षरानं उत्तरात सुनेच्या तोंडी चार ओळी लिहिल्या. पुसल्या. पुन्हा लिहिल्या.

भोकर मागं पडेस्तोवर उत्तर गेलंही होतं. "हो सर."