सातवा ठोकळा

सातव्या ठोकळ्याच्या पोटात एक गोल, काळा डाग दिसत होता.

अनुष्काने चित्र मोठं केलं. डाग चांगला मुठीपेक्षा मोठा निघाला. ठोकळा दोन फूट जाड, लोहखनिज घातलेल्या जड काँक्रीटचा. साधा एक्स-रे अशा ठोकळ्यापुढे हात टेकतो. चिंचोटीजवळच्या या प्रयोगशाळेतलं मशीन मात्र इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने टंगस्टनच्या तुकड्यावर आदळवायचं. त्यातून निघणारे किरण ठोकळ्याच्या आरपार जायचे आणि पोटातलं सगळं उघडं पाडायचे. मशीन अनुष्काच चालवायची.

असे बारा ठोकळे रचून मशीनच्या नव्या कंट्रोल रूमची भिंत उभी राहणार होती. पलीकडे किरण, अलीकडे माणसं आणि मध्ये ही भिंत. रचण्याआधी प्रत्येक ठोकळा तपासायचा, एक जरी नापास झाला तरी काम मुंबईच्या कंपनीला द्यायचं, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं.

आणि ठोकळे ओतले होते आत्माराम घरत यांनी, म्हणजे तिच्याच वडिलांनी. "बाबांना डोळे झाकून द्या काम," असं साहेबांना सांगणारी तीच. आता डोळे फाडून बघायची पाळीही तिच्यावरच आली होती.

"हवा राहिली असेल," तिचे सिनिअर जॅक्सन सर मागून म्हणाले. "ओतताना हवा काढायचा व्हायब्रेटर नीट फिरवला नसेल."

"हवेत रेघ नसते, सर."

डागाच्या आत एक आडवी रेघ होती. रेघेच्या वर गडद, खाली जरा फिकट. म्हणजे आत पाणी होतं, आणि तेही अर्धंच भरलेलं. सर पडद्याजवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "साहेबांकडे जायच्या आधी बाबांना तरी विचारून घे."

आत्माराम आवारातच होते. हातावरचं सिमेंट पँटला पुसत ते आत आले, पडद्याकडे बघितलं आणि खूश झाले.

"अरे तिच्या! नारळ दिसतोय की! पानी पन दिसतंय आतलं!"

अनुष्का बघतच राहिली. राग आला, लाजही वाटली. सरांसमोर जास्तच वाटली.

"बाबा, तुम्ही ठोकळ्यात नारळ घातलात?"

"कामात राखणीचा नारळ ठेवायचाच असतो. चाळीस वर्षं ठेवतोय. आगाशीपासून कामनपर्यंत माझं एक घर पडलेलं दाखव."

"घराच्या पायात चालतो हो! इथं नारळाच्या जागी भिंत पाच इंच पातळ झाली. किरण नेमके तिथूनच जास्त बाहेर येणार. समोरच्या माणसाच्या अंगावर."

आत्मारामांचं हसू मावळलं. त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. आता त्यांना नारळ दिसत नव्हता, भोक दिसत होतं. "कोनाला कळायच्या आत मी दुसरा ओतून देतो," ते पुटपुटले. सरांनी खिडकीबाहेर नजर वळवली. अनुष्काने ठरवलं असतं तर ते चित्र तिथल्या तिथे पुसता आलं असतं, आणि क्षणभर तिला तसं करावंसं वाटलंही.

तिने अहवाल उघडला. ठोकळा क्रमांक सात, नापास. खाली स्वतःचं नाव घातलं आणि साहेबांना पाठवून दिला. बाबांचं काम गेलं होतं, आणि ते तिनेच घालवलं होतं. घरी आईला काय सांगायचं, हे तिला सुचेना.

आत्माराम वळले. दाराशी जाऊन चपला घालू लागले. तिला राहवलं नाही.

"ठेवायचाच होता, तर पहिल्यात ठेवायचा ना, बाबा! तो तळाला जाणार होता, कुणाला काही झालं नसतं. सातव्यातच का?"

"पयल्याच्या मागं कोन बसनार? साहेबाकडून नकाशा बघून घेतला मी," ते मान खाली घालून म्हणाले. "साताच्या बरोबर मागं तुझी खुर्ची येते, बाय."